रॉनकाका, तुमच्या त्या चॉकलेटसाठी

प्रिय रॉनकाका,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि पोचलं असतं तरी वाचता आलं नसतं. तुम्ही, म्हणजे शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचे एकेकाळचे खेळाडू आणि पुढे त्यांचेच रेडिओ समालोचक रॉन सँटो, २०१० च्या डिसेंबरात गेलात, आणि मला मनातलं लिहायचं तर मराठीतच येतं. पण नुकतंच सांगलीत लेकीचं लग्न झालं, तेव्हापासून हे घशाशी अडकून बसलंय. म्हणून चारचौघांसमोर लिहिते.

आधी ओळख सांगते. १९९८ च्या उन्हाळ्यात नवऱ्यामागे शिकागोला आले. पदरी तीन वर्षांची मुलगी, नोकरी करायची व्हिसावर परवानगी नाही, आणि भाड्याच्या घरात आधीच्या बिऱ्हाडानं सोडून दिलेला एक रेडिओ. कब्जच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, भर दुपारी सामने असायचे, त्यामुळे माझ्या ओसाड दुपारी तुमच्या वाट्याला आल्या. बेसबॉलचं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण लहानपणी आकाशवाणीवर बाळ पंडितांचं समालोचन ऐकत ज्या घरात पोळ्या लाटल्या जायच्या, त्या घरातली मी. खेळ दिसत नसला तरी ऐकता येतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

आणि तुम्ही! शेजारी पॅट ह्यूज शांतपणे चेंडू कुठं गेला ते सांगायचे, आणि तुम्ही फक्त कण्हायचात. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला, मिलवॉकीत, कब्जच्या ब्रँट ब्राउनच्या हातून शेवटच्या क्षणी झेल सुटला आणि तुम्ही ‘ओ नोऽऽ’ म्हणून असे ओरडलात की मला वाटलं, स्टेडियममध्ये कुणी दगावलं. नंतर कळलं की मॅनेजरला खेळाडू सोडून तुमचीच समजूत घालावी लागली. समालोचकानं तटस्थ असावं म्हणतात. तुम्ही तर हरलेल्या घरातले वडीलधारे होतात. मला ते फार आवडलं. परक्या देशात मला भेटलेलं ते पहिलं घरचं माणूस.

तुम्ही कोण होतात ते सावकाश कळत गेलं. १९६० पासून चौदा मोसम कब्जचे तिसऱ्या बेसवरचे खेळाडू, शेवटचं एक वर्ष गावातल्याच दुसऱ्या संघात, ३४२ होम रन, उत्तम क्षेत्ररक्षणाचे पाच गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार. १९६९ मध्ये संघ जिंकला की हवेत उडी मारून टाचा वाजवायचात. मला आकड्यांत फार रस नव्हता. तेव्हा हेही माहीत नव्हतं की हा सगळा खेळ तुम्ही इन्सुलिन टोचून घेत खेळलात.

ते कळलं २००४ मध्ये. तेव्हा त्याची गरज पडली.

मुलगी नऊ वर्षांची होती. सुट्टीत भारतात गेलो होतो. तिला सारखी तहान लागायची, रात्री गादी ओली व्हायची, फ्रॉक खांद्यावरून उतरायचा. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं न तपासल्यासारखं केलं आणि म्हणाले, हवापाणी बदललंय, जंतांचं औषध द्या. बोटातून एक थेंब रक्त काढायला किती वेळ लागतो हो? परत आलो ते थेट इमर्जन्सीतच. साखर पाचशेच्या वर. त्या रात्रीबद्दल लिहीत नाही.

टाईप वन मधुमेह. शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं. गोड खाल्लं-न खाल्लं याचा काही संबंध नाही. हे मी वर्षभर फोनवर सांगत होते आणि पलीकडून ‘लाडात चॉकलेटं फार दिलीस’ हेच ऐकत होते. आणि त्यापुढचं, आवाज खाली आणून सांगितलेलं: ‘मुलीची जात आहे, बाहेर बोलू नका. उद्या लग्नाच्या वेळी अडचण येईल.’ नऊ वर्षांची पोर ती! पण मी ते ऐकलं, रॉनकाका. सगळा राग दुसऱ्यांवर काढून मला मोकळं होता येणार नाही. इन्सुलिन फ्रीजमध्ये मेथीच्या जुडीमागे मीच ठेवायचे. पाहुणे आले की तिला टोचायला बाथरूममध्ये मीच न्यायचे. शाळेत एका बाईंनी ‘वर्गात खायचं नाही, नियम सगळ्यांना सारखा’ म्हणून तिच्या हातातली साखरेची गोळी बाजूला ठेवायला लावली, तेव्हाही मी भांडले नाही. पोरीनं त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. साखर उतरून हात थरथरायला लागले तरी ती सांगेनाशी झाली.

अशाच एका दुपारी, जेवणाच्या टेबलाशी ती तोंड फिरवून बसली होती, आणि रेडिओवर तुम्ही तो जुना किस्सा सांगितलात. शेवटची इनिंग, तीनही बेस भरलेले, आणि बॅटिंगला जायच्या आधीच तुमची साखर कोसळायला लागलेली. तुमच्याच संघातला, तुमच्या आधी बॅटिंगला गेलेला बिली विल्यम्स एकदाचा आउट व्हावा म्हणून तुम्ही मनातून देव पाण्यात घातलेले; तर तो नेमका बेसवर गेला. तुमची पाळी आली. एका चेंडूचे तीन चेंडू दिसतायत. तुम्ही ठरवलंत, मधल्याला हाणायचं. बसला तो ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चौघांच्या धावा! मग तुम्ही जिवाच्या आकांतानं पळत सुटलात, आणि पुढे बिली आपला रमतगमत, लोकांच्या टाळ्या घेत चाललेला. त्याला ओलांडलं तर आउट, आणि तुम्हाला तर लवकरात लवकर आत जाऊन चॉकलेट गाठायचं होतं.

हे सांगताना तुम्ही हसलात.

एवढंच. ना उपदेश, ना ‘मुलांनो, धीर धरा’. गावातल्या कुणा फजितीच्या माणसाची गोष्ट सांगावी तसं स्वतःच्या दुखण्याबद्दल बोललात आणि खळखळून हसलात. टेबलाशी बसलेली पोर वळली. ‘आई, त्यांना पण लो होतं?’ मग तीही हसली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. ‘मधल्याला हाणायचं’ हे आमच्या घरात तेव्हापासून चालू झालं ते आजतागायत. शाळेत साखर उतरली की ती बाईंना ‘तीन चेंडू दिसतायत’ म्हणायची आणि गोळी सरळ तोंडात टाकायची. नियमवाल्या बाईंशी भांडायला मीही गेले, पण माझ्या आधी ती भांडून आली होती.

पुढे मी शोधून शोधून वाचलं. अठराव्या वर्षी निदान झालं तेव्हा तुम्ही लायब्ररीत जाऊन आजाराबद्दल वाचलंत, आणि पुस्तकात लिहिलं होतं की असा रोगी आणखी साधारण पंचवीस वर्षं जगतो. घरी साखर मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं. स्वतःच्या अंगावरून, चिडचिडीवरून अंदाज बांधायचा आणि पुढच्या चेंडूला तयार राहायचं. आणि तुम्हीसुद्धा लपवलंत! कळलं तर खेळू देणार नाहीत या भीतीनं दहा वर्षांहून जास्त. २८ ऑगस्ट १९७१ ला, रिग्लीवर तुमच्या नावाचा दिवस साजरा झाला, तेव्हा लोकांना सांगितलंत. हे वाचून मला केवढं हायसं वाटलं! मेथीच्या जुडीमागे तुम्हीही काहीतरी ठेवलं होतं.

मग एकदा बोलायला लागलात ते थांबलाच नाहीत. मधुमेही मुलांसाठी संशोधनाला सहा कोटी डॉलरहून जास्त निधी तुमच्या नावानं उभा राहिला. २००१ मध्ये उजवा पाय गेला, २००२ मध्ये डावा, आणि २००३ च्या मोसमाला तुम्ही पुन्हा माइकसमोर. त्याच मोसमाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये डोक्यावरच्या हीटरनं तुमच्या केसांच्या टोपाला आग लागली! तोही किस्सा तुम्ही लपवला नाहीत. दोन्ही पाय गेलेला माणूस जळक्या टोपावर हसतो म्हटल्यावर आमच्या घरी इन्सुलिन फ्रीजच्या दारात, अंड्यांशेजारी आलं. आजही तिथंच असतं.

त्या सप्टेंबरात तुमचा जर्सीवरचा १० नंबर रिग्लीवर कायमचा फडकला, आणि हाच माझा हॉल ऑफ फेम, असं तुम्ही म्हणालात. खऱ्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनाच्या, मतदारांना मात्र तुमची आठवण २०११ च्या डिसेंबरात आली, तुम्हाला जाऊन वर्ष उलटल्यावर. हयातीत वर्षानुवर्षं निकालाच्या फोनची वाट पाहायला लावली, आणि मग माणूस नसताना तसबीर लावली. आमच्याकडेही असंच करतात, त्यामुळे नवल वाटलं नाही. राग मात्र आला. २०१६ मध्ये कब्ज १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकले, त्या रात्री आम्ही दोघी मायलेकी रडलो. नवऱ्याला वाटलं, बेसबॉलसाठी.

आता लग्नाचं सांगते. सासरच्यांना आजाराबद्दल तिनंच पहिल्या भेटीत सांगितलं, चहा येण्याआधी. त्यांनी विचारलं, मग चहात साखर किती? अडचण आली नाही. जिनं ती भाकीत केली होती, ती पहिल्या पंगतीला जेवून गेली.

पण मला सांगायचंय ते ब्लाउजचं. तिच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो, पांढरा, मोठ्या बटणाएवढा. सांगलीत माप द्यायला गेलो तर शिवणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘बाही कोपरापर्यंत घेऊ का? फोटोत ते झाकलं जाईल.’ आणि मी, रॉनकाका, वीस वर्षांनंतरही ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, ताईंच्या हातातली टेप स्वतःच धरली आणि सेन्सरच्या दोन बोटं वर ठेवली. ‘इथपर्यंतच.’

हळदीच्या दिवशी माझी मावशी तिच्या हातांना हळद लावत होती. ऐंशीच्या पुढची आहे, नजर कमी झाली आहे. बोटं त्या बटणाला लागली तशी थांबली. ‘हे काय गं?’ पोरीनं सांगितलं. मावशीनं ‘बरं’ म्हटलं, आणि त्याच्या भोवतीनं, गोल, हळद लावली.

तुमची,
शिकागोची एक श्रोती