कलम ११५ आधीपासूनच आहे

महोदय,

पेटंटच्या दाव्यांत न्यायालयाला स्वतंत्र तंत्रज्ञ नेमता यावेत म्हणून कालच्या अग्रलेखात आपण कायद्यात दुरुस्ती मागितली आहे. मागणी रास्त आहे, फक्त पन्नासेक वर्षे उशिरा आली. १९७० च्या पेटंट कायद्यातले कलम ११५ कोणी उघडून पाहिले असते तर आपली शाई वाचली असती. पक्षकारांनी अर्ज केला असो वा नसो, न्यायालय कधीही स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार नेमू शकते आणि वस्तुस्थितीचा एखादा प्रश्न तपासून अहवाल मागू शकते. कायद्याचा अर्थ लावणे तेवढे त्याच्याकडे नाही. त्याचे मानधनही पक्षकारांनी द्यायचे नसते, संसद त्यासाठी पैसे मंजूर करते. यादी पेटंट कार्यालयाने ठेवायची. विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी, १५ वर्षांचा अनुभव आणि जबाबदारीचे पद या मुख्य अटी. आता दुरुस्ती नेमकी कशात करायची, ते आपणच सांगा. त्या यादीत आज कोण आहे आणि त्यांना शेवटचे कधी बोलावले, हे विचारले असतेत तर अग्रलेखाचे सार्थक झाले असते.

न्यायाधीशांना यंत्रातले काही कळत नाही, हा आपला सूर मात्र मला झोंबला. मी एका दाव्यात तज्ज्ञ साक्षीदार होतो. वाद एका रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब फार वाढला की आपोआप उघडणाऱ्या झडपेचा. पेटंटधारकाने सीटला, म्हणजे झडप जिथे टेकते त्या कडेला, ठरावीक उतार देऊन व्हॉल्व्हची फडफड थांबवली होती. आमच्या पक्षकाराने उताराऐवजी खाच पाडली होती. खाच तेच काम करते का, एवढाच प्रश्न. मी सोबत नेलेला व्हॉल्व्ह न्यायाधीशांनी हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि विचारले, ‘‘किती दाबाला?’’ सगळा दावा त्या दोन शब्दांत होता. पण आमच्या वकीलसाहेबांनी लगबगीने विषय ड्रॉइंगवर नेला. कमी दाबाला खाच काय आणि उतार काय, फरक पडत नाही, हे आदल्या रात्री मीच त्यांना सांगून बसलो होतो.

जेवणाच्या सुट्टीत समोरच्या बाजूचे तज्ज्ञ व्हरांड्यात भेटले. एकेकाळी आम्ही एकाच खात्यात होतो. पाच मिनिटांत दोघांचे एकमत झाले की कमी दाबाला सारखेच, वरच्या दाबाला वेगळे, टेस्ट बेंचवर, म्हणजे चाचणीच्या मेजावर, लावले तर अर्ध्या दिवसात निकाल. सुट्टी संपली. ते पिंजऱ्यात जाऊन ‘सारखेच’ म्हणाले, मी ‘वेगळे’ म्हणालो. खोटे कोणीच बोलले नाही. जे विचारले नाही ते सांगितले नाही, आणि त्या न सांगण्याचे पैसे दोघांनीही घेतले. व्हॉल्व्ह बेंचवर कधी चढलाच नाही. पुढे तडजोड झाली, तोवर दोन्ही कंपन्यांनी ते मॉडेल बंद केले होते.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०२२ च्या पेटंट दाव्यांच्या नियमांत दोन्ही तज्ज्ञांना एकत्र बसवून विचारायची सोय आहे. आमच्या वेळी ती असती तर व्हरांड्यातले बोलणे निदान रेकॉर्डवर आले असते. तरी तिसरा माणूस हवाच. आम्हा दोघांना शेजारी बसवले म्हणून आमचे धनी बदलत नाहीत. वकील मंडळी कलम ११५ चे नाव आपणहून का काढत नाहीत, ते आता वेगळे सांगायला नको.

जाता जाता, त्याच अंकात आतल्या पानावर एका प्राध्यापकांना ‘पेटंट मिळाले’ अशी चौकट आहे. खाली मजकुरात अर्ज प्रसिद्ध झाल्याचे म्हटले आहे. साहेब, अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपसूक प्रसिद्ध होतो. तपासणी वेगळी मागावी लागते, आणि पेटंट मिळालेच तर त्यानंतर. प्राध्यापकांचा पुष्पगुच्छासह फोटो छापलात, आता खुलासा कोणत्या पानावर येणार?

– एक निवृत्त यंत्र अभियंता