घरचा तरणतलाव: लक्ष ठेवण्याआधी फाटक बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरच्या तरणतलावाबद्दलच्या सूचना बहुधा एकाच वाक्यावर येऊन थांबतात: मुलांवर लक्ष ठेवा. सूचना चुकीची नाही, अपुरी आहे. अगदी लहान मुलं घरच्या तलावात पडतात ती बऱ्याचदा पोहण्याच्या वेळी नव्हे. पाण्यात कुणीच नसतं, मोठ्यांच्या समजुतीप्रमाणे मूल आतल्या खोलीत खेळत किंवा झोपलेलं असतं, आणि ते मागच्या दाराने बाहेर पडतं. मूल पाण्याजवळ आहे हेच ज्या वेळी कुणाला ठाऊक नाही, त्या वेळी लक्ष ठेवणार कोण? ते काम कुंपणाचं आणि फाटकाचं.

ओरडणं ऐकू येईल, या भरवशावरही राहू नये. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. तोल गेला की ते डोक्यावरच पडतं आणि मान वर काढण्याइतकं बळ त्याच्यात नसतं. नाकातोंडात पाणी गेल्यावर ओरडायला श्वास उरत नाही. हातपाय आपटत हाका मारणारं बुडणं सिनेमातलं. प्रत्यक्षात दोनेक मिनिटांत शुद्ध हरपू शकते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. आत जाऊन एक फोन घ्यायला तेवढाच वेळ लागतो.

कुंपण तलावाच्या चारही बाजूंनी हवं. आवाराला भिंत आहे म्हणून भागत नाही. ती बाहेरच्यांना अडवते, घरातलं मूल तिच्या आतच असतं. उंची किमान 4 फूट, 5 असेल तर उत्तम. उभ्या गजांमधली फट 10 सेंटिमीटरपेक्षा कमी. खालची फटही तेवढीच, पण खाली माती किंवा हिरवळ असेल तर 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कारण माती उकरली जाते, वाहूनही जाते. आडव्या पट्ट्या एक वर, एक खाली, दोन्हींत किमान 45 इंच अंतर. मध्ये तिसरी पट्टी किंवा नक्षी आली की मुलाला पाय ठेवायला जागा मिळाली. कुंपणाच्या बाहेर 90 सेंटिमीटरपर्यंत कुंडी, खुर्ची, एसीचं युनिट, खाली आलेली फांदी, काही नको. आणि कुंपण आरपार दिसणारं असावं. भरीव भिंत दिसायला छान, पण घरातून पाणीच दिसेनासं होतं.

खरी गोम फाटकात आहे. ते तलावाच्या उलट दिशेला, बाहेर उघडलं पाहिजे. म्हणजे मूल बाहेरून रेटून पाहील तेव्हा ते उघडण्याऐवजी घट्टच बसेल. बिजागऱ्या स्प्रिंगच्या, आपोआप बंद करणाऱ्या. खटका जमिनीपासून किमान 54 इंचांवर. 4 फुटी कुंपणाला हे जमत नाही, म्हणून वरून मूठ ओढून उघडणारा, उंच दांड्याचा चुंबकी खटका बसवतात. तपासणी सोपी आहे. फाटक पूर्ण उघडून सोडा, ढकलू नका. मग फक्त 5 सेंटिमीटर उघडून सोडा. दोन्ही वेळा खटका स्वतःहून लागला पाहिजे. पहिल्या परीक्षेत पास होणारी बरीच फाटकं दुसरीत नापास होतात: स्प्रिंग सैल पडलेली असते, खांब कललेला असतो किंवा फाटक स्वतःच्या वजनाने इतकं खाली आलेलं असतं की खटक्याचे दोन भाग समोरासमोर येत नाहीत. क्लोरीनच्या हवेत साध्या लोखंडी बिजागऱ्या लवकर गंजतात. स्टेनलेस स्टील किंवा चांगल्या प्लास्टिकच्या घ्याव्यात आणि ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असलेल्याच घ्याव्यात. हे सगळं करूनही पाहुणे आले, ताटं-खुर्च्यांची ने-आण सुरू झाली, की फाटकाला वीट लावून ठेवणारी घरं असतात. तसं करायचं असेल तर कुंपणावर खर्च कशाला केला?

घराचीच भिंत चौथी बाजू धरली असेल तर तलावाकडे उघडणारं प्रत्येक दार हेही एक फाटकच. ते आपोआप बंद व्हावं, कडी उंचावर असावी, उघडताच वाजणारा अलार्म असावा. सरकतं काचेचं दार या बाबतीत सगळ्यांत वाईट, कारण ते ओढल्याशिवाय बंदच होत नाही.

पाण्यावर तरंगणारी, बारीक हवेच्या फुग्यांची प्लास्टिक शीट ऊब टिकवण्यासाठी असते. तिच्यावर मूल पडलं तर शीट दुमडून त्याच्याभोवती गुंडाळली जाते आणि वरून काही दिसतही नाही. झाकायचंच तर चारी कडांना अडकवलेलं, ताणून बसवलेलं, वजन पेलणारं सुरक्षा-आवरण हवं, आणि त्यावर साचलेलं पाणी लगेच काढायला हवं. पाण्यातला अलार्म जोडीला ठीक आहे, पण तो वाजतो मूल पडल्यावर. त्यातून वाऱ्याने दोनदा उगाच वाजला की कुणीतरी तो बंद करून ठेवतं.

पोहण्याच्या वेळी मात्र माणूसच हवा, आणि तोही ठरवून नेमलेला. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसं दहा जण बघत असले की कुणीच बघत नसतं. एकाने पंधरा मिनिटं, मोबाइल खाली ठेवून. मग "आता तू" असं तोंडाने सांगून दुसऱ्याकडे. लहान मूल हाताच्या अंतरावर हवं. दंडावरचे फुगे आणि कमरेच्या ट्यूबा ही खेळणी आहेत. त्या निसटतात, फुटतात, आणि मुलाला वाटतं आपण असेच तरंगतो. पोहणं जरूर शिकवावं, पण पोहता येतं म्हणून कुंपण काढू नये. पोशाख नारिंगी किंवा भडक गुलाबी घ्यावा. निळ्या तळावर निळा दिसत नाही. पोहून झालं की खेळणी पाण्याबाहेर काढावीत, तीच मुलाला परत बोलावतात.

तळाच्या ड्रेनबद्दल क्वचितच कुणी बोलतं. पंप तिथून पाणी ओढतो. जाळी तुटलेली असेल आणि तोंड एकच असेल, तर मुलाचं पोट किंवा पाठ त्यावर बसताच ते बंद होतं आणि ओढ इतकी वाढते की मोठ्या माणसालाही मूल सोडवता येत नाही. केसही असेच अडकतात. अमेरिकेने 2007 मध्ये यावर कायदाच केला. उपाय असा: एकाच पाइपला जोडलेले दोन ड्रेन, किमान 3 फूट अंतरावर, वर घुमटाकार जाळी. जाळी सैल, तडकलेली किंवा आयुष्य संपलेली असेल तर कुणालाही पाण्यात उतरवू नका. पंपाचं बटण कुठे आहे हे घरातल्या सगळ्या मोठ्यांना माहीत हवं. कुणी अडकलं तर आधी पंप बंद, मग सोडवणं.

फुगवायच्या छोट्या तलावालाही यातून सूट नाही. खेळ झाला की पाणी ओतून तो उपडा ठेवायचा.

मूल दिसेनासं झालं तर कपाटं आणि पलंगाखाली नंतर, पहिल्यांदा तलाव. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं यांत मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं. पाठीवर सपाट झोपवा, हनुवटी उचला. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, प्रत्येक वेळी छाती वर येताना दिसली पाहिजे. मग 30 वेळा छाती दाबा, 2 श्वास, पुन्हा 30. छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने. नुसती छाती दाबून भागत नाही, कारण इथे मुळात प्राणवायूच संपलेला असतो. दुसऱ्या कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा; एकटेच असाल तर मिनिटभर हे करून मग फोन स्पीकरवर लावा. मूल रडू लागलं, बोलू लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. खोकला थांबत नसेल, श्वास जलद चालत असेल किंवा मूल गुंगीत जात असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

आपला,
एक वाचक