दत्ताला पत्र: टायर रुंद घे आणि ट्यूबलेसच घे

छत्रपती संभाजीनगर

प्रिय दत्ता,

तुझा परवाचा भलामोठा मेसेज वाचला. फोनवर घाईघाईत उत्तर द्यायचा हा विषय नाही, म्हणून आज निवांत बसून लिहायलोय. सायकल घ्यायचं पक्कं झालं हे लई बरं झालं. डिस्क ब्रेकची फ्रेम, शाळेला जायला तीच, रविवारी परळीला नाहीतर लातूरला जायला तीच, आणि पुढंमागं जमलं तर २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची राईड, पण तिच्यावरच, इथपर्यंत सगळं एकदम बरोबर चाललंय. पण दुकानदार म्हणतोय की रोड बाईकला २८ चंच, म्हणजे २८ मिलीमीटर रुंदीचंच टायर असतंय, रुंद लावलं की सायकल जड पळते, आणि तू त्याला हो म्हणायच्या बेतात आहेस. दत्ता, अजिबात हो म्हणू नकोस. पत्र संपेपर्यंत तरी थांब.

टायर ठरवताना आपण आपला सगळ्यात चांगला रस्ता डोळ्यापुढं धरतो, म्हणजे तो नवीन काँक्रीटचा हायवे. पण तू आठवड्यातले सहा दिवस कुठं चालवणार? अंबाजोगाईतून निघून फाट्यापर्यंत डांबर, तिथून शाळेच्या गावापर्यंत मुरूम आणि वर आलेली गिट्टी, पावसाळ्यात तर बोलायलाच नको. लातूर रोडला बर्दापूरच्या पुढं-मागं ऊस गाळपाच्या दिवसात उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागून ट्रकचा हॉर्न, आणि तुला एका सेकंदात डांबर सोडून साईडपट्टीवर उतरायचंय. साईडपट्टी डांबरापेक्षा चार बोटं खाली, तिच्यात खडी आणि फुटलेल्या बाटल्या. त्या सेकंदाला खाली २८ चं कडक टायर असलं की माणूस उतरायला घाबरतो आणि रस्त्यावरच राहतो, आणि तेच धोक्याचं असतंय. ३५-३८ चं टायर असलं की न बघता उतरता येतं, परत वर चढता येतं. माझ्या मते आपल्या भागात रुंद टायर घ्यायला एवढं एकच कारण पुरतं, वेग आणि आराम नंतरच्या गोष्टी.

आता ‘जड पळते’ हे. दुकानदारच काय, बरेच चांगले चालवणारे लोक पण हे म्हणतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चाकाखाली टायर जिथं दबतं तिथं रबर वाकतं आणि सरळ होतं, त्यात ताकद जाते. एकाच वजनाला आणि एकाच हवेला बारीक आणि रुंद टायरचा जमिनीला टेकणारा भाग साधारण सारखाच असतो, पण बारीक टायरचा तो लांबट असतो आणि रुंदाचा आखूड आणि आडवा, त्यामुळं रुंद टायर कमी वाकतं आणि उलट हलकं पळतं. यावर दुसरं म्हणजे हादरे. टायर कडक असलं की प्रत्येक खड्यावर सायकल आणि माणूस दोघं वर उचलले जातात, आणि तुझी पुढं जायची ताकद वर-खाली होण्यात जाते. लोखंडी धाव असलेली जुनी बैलगाडी आणि टायरगाडी आठव, त्याच वाटेवर तेवढंच ओझं ओढताना बैलाला काय फरक पडायचा ते आपण दोघांनी पाहिलंय. डनलॉपनं बेलफास्टात पोराच्या तीनचाकीला हवा भरलेलं रबर बसवून पाहिलं आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं ते ह्याच दगडी रस्त्यांच्या त्रासातून. रुंद टायर वाऱ्याला जास्त अडतं हे खरं, टायरमागं शंभर-दीडशे ग्रॅम वजन वाढतं हे पण खरं, पण ताशी ३५-४० नं पळणाऱ्याला त्याचा हिशोब, तुझ्या-माझ्या २२-२५ ला नाही. आणि ब्रेव्हेला २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यात शेवटच्या पन्नास किलोमीटरला मनगटं आणि कंबर शाबूत असणं हाच खरा वेग.

पण रुंद टायर घेऊन त्यात ८० पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) हवा ठोकली तर सगळं वाया, हे मात्र लक्षात ठेव. टायर रुंद झालं की त्याच हवेला त्याच्या कापडावर ताण जास्त येतो, म्हणून रुंदाला हवा कमीच लागते. आपल्याकडं अंगठ्यानं दाबून बघायची आणि ‘दगडासारखं झालं पाहिजे’ म्हणायची सवय, ती सोडून दे. फ्रँक बर्टो नावाच्या एका अमेरिकन माणसानं एक सोपा नियम मांडलाय, की वर बसल्यावर टायर स्वतःच्या उंचीच्या १५ टक्के दबलं पाहिजे, म्हणजे ३५ चं टायर साधारण ५ मिलीमीटर. तुझं वजन, सायकल, डबा, वह्यांची बॅग धरून नव्वदच्या आसपास जाईल, तर ३८ च्या टायरला मागं ४२-४५ आणि पुढं ३८-४० पासून सुरू कर. पुढं कमी का, तर पुढच्या चाकावर भारच कमी असतो. मग दोन-दोन पीएसआय कमी-जास्त करत आपला आकडा शोध. वळणावर टायर सरकल्यासारखं वाटलं किंवा खड्ड्यात रिमचा ठोका लागला की दोन वाढव. त्यासाठी गेज असलेला फूटपंप घे, ह्यात काटकसर करू नकोस. आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी २५ डिग्रीला ४५ भरलेली हवा दुपारी उन्हात टायर ५५ डिग्रीपर्यंत तापल्यावर ५१ च्या आसपास जाते, म्हणून उन्हाळ्यात सकाळीच थोडी कमी भरत जा.

आता ट्यूबलेस. तू लिहिलंस की ‘ट्यूबलेसची कटकट आहे म्हणतात, त्यापेक्षा जाड पट्टीवालं पंचरप्रूफ टायर घेतो’. अरे, ते जाड पट्टीवालं टायरच खरं जड पळतं, कारण ते वाकतच नाही धड. आणि आपल्याकडच्या काट्यांना ती पट्टी पण पुरत नाही. वेड्या बाभळीचा काटा जुना होऊन वाळला की खिळाच असतो. सराटा तर असा पडतो की कसाही पडला तरी एक टोक वरच. शिवाय जानेवारीत तूर रस्त्यावर टाकून मळतात, तेव्हा काड्यांच्या थरातनंच जावं लागतं, खाली काय आहे ते दिसत नाही. ट्यूब असली की एका सराट्याला एक थांबा. ट्यूबलेसमधी टायरच्या आत पातळ लॅटेक्सचं सीलंट फिरत असतं, काटा शिरला की ते त्या भोकात जाऊन गोठतं आणि बऱ्याचदा तुला घरी येऊन टायर पुसतानाच कळतं की कुठंतरी काटा लागला होता.

आणि रुंद आणि ट्यूबलेस ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढू नकोस, हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. बारीक टायरमधी ८० पीएसआय असली की भोकातून सीलंट पिचकारीसारखं उडून जातं, गोठायला वेळच मिळत नाही. ४० ला ते निवांत बसतं. उलट बाजूनं बघ, ट्यूब ठेवून हवा ४० वर आणलीस की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिम आणि दगडाच्या मधी चिमटते आणि सापानं चावल्यासारखी दोन भोकं पडतात. म्हणजे कमी हवेचा फायदा घ्यायचा तर ट्यूब नको, आणि सीलंटचा फायदा घ्यायचा तर हवा कमी पाहिजे, आणि कमी हवेसाठी टायर रुंद पाहिजे. २८ चं ट्यूबलेस म्हणजे आपल्या रस्त्यांना अर्धंच काम.

मोटारसायकलचं ट्यूबलेस आणि हे एकच समजू नकोस पण. गाडीच्या टायरला आतून हवाबंद रबराचा थर असतो, सायकलचं ‘ट्यूबलेस रेडी’ टायर हलकं ठेवलेलं असतं, ते सीलंट घातल्यावरच खऱ्या अर्थानं हवा धरतं. टायरच्या बाजूला टीआर, टीएलआर, टीएलसी, श्वाल्बेचं असलं तर टीएलई असं लिहिलेलं असतं, ते बघूनच घे, नुसतं मॉडेलचं नाव ऐकून घेऊ नकोस, एकाच नावाची ट्यूबवाली टायरं पण येतात.

कुठलं घ्यायचं? नक्षी बघून भुलू नकोस. जाड गोट्यांची नक्षी डांबरावर आवाज करते आणि ताकद खाते, आणि काळ्या मातीत पाऊस पडल्यावर कुठलीच नक्षी कामाची नसते, चाक आणि फ्रेमच्या मधी चिखल भरून चाकच फिरत नाही. पाणंदीत पाऊस झाला की वापसा येईपर्यंत जायचंच नाही, टायर कुठलं का असंना. ओल्या डांबरावर गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगतं ही भीती पण काढून टाक. ४५ पीएसआयच्या टायरला त्यासाठी ताशी १०० च्या वर वेग लागतो, परळीच्या घाटात उतरताना पण तू तिथं जाणार नाहीस. ओल्यात पकड येते ती रबराच्या नरमपणानं आणि कमी हवेनं. म्हणून मधी गुळगुळीत, कडंला बारीक नक्षी, आणि साईडवॉल म्हणजे टायरची बाजू बोटांनी दाबली तर सहज वाकणारी, असलं टायर बघ. श्वाल्बेचं जी-वन, पॅनारेसरचं ग्रॅव्हलकिंग, कॉन्टिनेन्टलचं टेरा स्पीड ह्या जातीचं. डांबर जास्त असणाऱ्याला कॉन्टिनेन्टलचंच जीपी ५००० ऑल सीझन टीआर ३५ पर्यंत मिळतं, पण तुझ्या शाळेच्या मुरमाला मी ते देणार नाही. महाग आहेत सगळी, मान्य आहे. पण एवढ्या पैशाची सायकल जमिनीला टेकते ती दोन अंगठ्यांएवढ्या जागेवर, पैसे तिथंच घाल आणि वाटल्यास हँडल-सीटपोस्ट साधं घे.

घ्यायच्या आधी मापं. टायरवर ३८-६२२ असं लिहिलेलं दिसलं की ३८ ही रुंदी आणि ६२२ हा रिमचा व्यास, तुझी ७०० सी रिम म्हणजे ६२२ च. पण छापलेली रुंदी नेहमी खरी नसते, रिम आतून रुंद असली की टायर पण फुगून रुंद होतं. म्हणून फ्रेमच्या मागच्या दांड्या, फोर्क आणि वरचा पूल, तिन्हीकडं बघ. टायर बसवून हवा भरल्यावर दोन्ही बाजूंनी ६ मिलीमीटरचा अ‍ॅलन की आरामात सरकला पाहिजे, आपल्या मातीला त्यापेक्षा कमी जागा ठेवू नकोस, आणि मडगार्ड लावणार असशील तर एक साईज खाली ये. रिम ट्यूबलेस रेडी आहे का ते बघ, साध्या रिमवर जुगाड करून ट्यूबलेस करणारे आहेत, तू करू नकोस, चालत्या सायकलवर टायर रिममधनं सुटलं तर दात राहत नाहीत. आणि रिम हुकलेस असली, म्हणजे टायर धरून ठेवायला रिमची कड आत वळलेली नसली, तर ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआय ही वरची हद्द, आणि टायर पण हुकलेसला चालणारं पाहिजे. हे दुकानदाराला स्पष्ट विचार.

बसवायचं काम गावातल्या पंचरवाल्याकडं कंप्रेसर असला की होतं, फक्त प्रेस्टा, म्हणजे सायकलच्या बारीक व्हॉल्व्हचं अ‍ॅडॉप्टर तू खिशात ठेव, त्याच्याकडं नसतंय. रिमला ट्यूबलेस टेप आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलीमीटर जास्त रुंद, ताणून, कुठं हवेचा फुगा न राहता. टायरच्या कडंला साबणाचं पाणी लाव, व्हॉल्व्हचा कोर म्हणजे आतली पिन काढ, आणि हवा एकदम जोरात भर. कडा जागेवर बसताना टक-टक मोठा आवाज येतो, घाबरू नकोस, पण टायरवर आणि रिमवर छापलेल्या आकड्याच्या वर हवा जाऊ देऊ नकोस, बिनगेजच्या कंप्रेसरवर तर मुळीच भरोसा ठेवू नकोस. मग हवा सोडून सिरिंजनं व्हॉल्व्हमधनं सीलंट घाल, ३८ ला ६० मिली तरी घाल, कोर लाव, हवा भर, चाक आडवं धरून सगळीकडं हलव आणि लगेच पाच-सहा किलोमीटर चालवून ये.

देखभाल एकच, पण ती विसरायची नाही. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी कोर काढून काडी घालून बघ, ओलं लागलं नाही तर अजून घाल. मोबाईलमधी रिमाइंडर लावूनच टाक. जवळ काय ठेवायचं, तर भोकात कोंबायच्या रबरी दोरीची प्लग किट, एक हलकी ट्यूब, हातपंप आणि जुन्या टायरचा एक तुकडा, कापलं गेलं तर आतून लावायला. हवा भरायची सीओटू गॅसची नळकांडी नको, काही सीलंट त्यानं गोळा होतं. आणि कधी ट्यूब टाकायची वेळ आलीच तर टायर आतून फडक्यानं चाचपून घे, बोटानं नको. सीलंटनं गप्प बसवलेले दहा काटे आत टोक काढून बसलेले असतात, ते न काढता ट्यूब टाकलीस तर ती पण तिथंच जाईल.

वहिनींच्या सायकलला मात्र ट्यूबच राहू दे. जी सायकल महिना-महिना उभी असते तिच्यात सीलंट नुसतं खाली साचून वाळतं. ट्यूबलेस रोज चालवणाऱ्यालाच फळतं.

तर आता एवढं कर. दुकानात जाऊन रिमच्या आतल्या स्टिकरचा फोटो काढ, मागच्या दांड्यांमधलं अंतर पट्टीनं मोज, आणि दोन्ही मला पाठव. जागा असली तर ३८, नसली तर ३५, त्याच्या खाली मी तुला येऊ देणार नाही. टायर मिळालं की बसवायला मी स्वतः शनिवारी येतो, टेप आणि सिरिंज माझ्याकडं आहे, सीलंटची बाटली तेवढी मागवून ठेव. रविवारी पहाटे परळीला जाऊन येऊ, येताना घाट चढायचाय, तिथं हवा दोन पीएसआयनं कमी-जास्त करून तुझा आकडा पण ठरवून टाकू.

काकूंना नमस्कार सांग. पोरांचा अभ्यास कसा चाललाय ते पण लिही.

तुझाच,
बालाजी