नेत्ररोपणानंतरच्या सैल टाक्यांकडे कोण पाहणार?

महोदय,

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यात, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान करावे, हे आवाहन आपण ठळकपणे छापता आणि ते योग्यच आहे. मात्र दानात मिळालेले बुबुळ, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया), रुग्णाच्या डोळ्यावर बसवल्यानंतर त्याचे पुढे काय होते, याविषयी क्वचितच काही वाचायला मिळते.

पूर्ण जाडीच्या, म्हणजे बुबुळाचे सर्व थर बदलणाऱ्या, रोपणात नवे बुबुळ केसाहूनही बारीक नायलॉनच्या टाक्यांनी शिवलेले असते. बुबुळात रक्तवाहिन्या नसल्याने जखम सावकाश भरते आणि टाके वर्षभर, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ ठेवावे लागतात. त्यांतला एखादा सैल झाला की त्याला चिकट स्राव धरतो, पापणीखाली त्याचे टोक घासत राहते आणि तेथूनच स्टॅफिलोकोकस, न्यूमोकोकस, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू आत शिरतात. शरीराने परके बुबुळ नाकारू नये म्हणून दिलेले स्टेरॉइडचे थेंब तेथील प्रतिकारशक्ती कमी करतात. शिवाय शस्त्रक्रियेत बारीक नसा कापल्या गेल्यामुळे, एरवी साधे कुसळ गेले तरी माणसाला बेचैन करणारा हा डोळा टाका सैल झाल्याची जाणीवही अनेकदा करून देत नाही.

रोपण मोठ्या शहरात होते आणि रुग्ण गावी परततो. ‘वेळोवेळी तपासणीस यावे’ एवढे कार्डावर लिहून भागत नाही, कारण एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब त्याला आधी करावा लागतो. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तरी तो चार दिवस वाट पाहतो अथवा दुकानातून थेंब आणतो. वास्तविक त्याच दिवशी बुबुळावरचा नमुना खरवडून तपासणीस पाठवून तासातासाला प्रतिजैविकाचे थेंब सुरू करण्याची ही वेळ असते. संसर्ग डोळ्याच्या आत पोहोचला, तर बुबुळच काय, डोळाही जाऊ शकतो.

सैल टाका ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. फ्लुओरेसिन या रंगद्रव्याची पट्टी लावून स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासण्याच्या दिव्यासह सूक्ष्मदर्शकाच्या) निळ्या उजेडात पाहिले, की त्याच्याभोवती हिरवा रंग साचलेला दिसतो. हे काम उपजिल्हा रुग्णालयातील नेत्र चिकित्सा अधिकारी करू शकतात. टाका मात्र त्यांनी स्वतः न काढता रोपण करणाऱ्या शल्यचिकित्सकास त्याच दिवशी कळवावे. त्यासाठी रोपण करणाऱ्या रुग्णालयांनी रुग्णाला घरी सोडतानाच टाक्यांची संख्या, चालू औषधे आणि संपर्क क्रमांक त्याच्या तालुक्यातील अधिकाऱ्याला लेखी कळवावेत, आणि तसा आदेश आरोग्य विभागाने येत्या नेत्रदान पंधरवड्यापूर्वी काढावा.

— एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी, बीड