आप्पांना जाहीर आभारपत्र: शटडाउन सिग्नल नेमका कुठे अडतो

आप्पा, सादर नमस्कार.

जळगाव, धुळे, भुसावळहून मेनफ्रेमवरची (मोठ्या केंद्रीय संगणकावरची) लिनक्स सांभाळणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहितो आहोत. तुमचे आभार घरी येऊनही मानता आले असते. पण तुम्ही दाखवलेली वाट हे काम करणाऱ्या बाकीच्यांनाही कळावी, म्हणून हे जाहीर पत्र, तपशिलासकट.

दुखणं ओळखीचं आहे. झेड/व्हीएम (एका मेनफ्रेमवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) बंद करायला घेतलं की ते लिनक्स गेस्टना, म्हणजे त्यातल्या आभासी मशीनना, ‘बंद व्हा’ असा शटडाउन सिग्नल पाठवतं. पण गेस्ट जागचे हलत नाहीत, मुदत संपते आणि सीपी (झेड/व्हीएमचा गाभा) त्यांना फोर्स करून बाहेर काढतं. पुढच्या बूटला फाइल सिस्टिम स्वतःच्या नोंदवहीवरून (जर्नल) स्वतःला सावरते, डेटाबेस क्रॅश रिकव्हरीत जातो. अशा वेळी जो तो मुदत वाढवतो: 30 सेकंदांचे 300, मग 600. तुम्ही मुदतीला हात लावू दिला नाहीत. सिग्नल कुठपर्यंत पोचतो ते आधी बघायला लावलंत. सगळ्यात मोठे आभार त्याचेच.

‘क्वेरी सिग्नल्स’ ही सीपी कमांड दिल्यावर सिग्नल घेणाऱ्यांच्या यादीत गेस्टचं नाव दिसतं आणि आपण समजतो की लिनक्सची बाजू ठीक आहे. ती नोंदणी फक्त कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) असते, हे तुम्ही अहिराणीत इतकं सोपं करून सांगितलंत की पुन्हा विचारावं लागलं नाही. सिग्नल एससीएलपीमार्फत (मेनफ्रेम आणि लिनक्समधला निरोपाचा मार्ग) कर्नलकडे येतो. कर्नल एकही सर्व्हिस बंद करत नाही, तो कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्याची वर्दी पीआयडी 1 ला, म्हणजे बाकी सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडी या प्रोग्रॅमला, देतो. तिथून सिस्टिमडी ‘कंट्रोल-ऑल्ट-डेल डॉट टार्गेट’ (या वर्दीसाठी ठरलेला कामांचा संच) सुरू करतं आणि खरी आवराआवर तेव्हा चालू होते.

अडतं ते नेमकं इथेच. सर्व्हरच्या सुरक्षा कडक करणाऱ्या स्क्रिप्ट हे टार्गेट मास्क करतात, म्हणजे त्याची लिंक थेट /डेव्ह/नल या रिकाम्या फाइलकडे वळवतात. समोरच्या कीबोर्डवरून कुणी मशीन रीबूट करू नये, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. रेड हॅट लिनक्ससाठीच्या स्टिग या सुरक्षा नियमांच्या यादीत तर या नियमाच्या शीर्षकातच ‘एक्स86’ (नेहमीच्या पीसी-सर्व्हरच्या प्रोसेसरचा प्रकार) लिहिलेलं आहे. तोच नियम मेनफ्रेमवर डोळे मिटून लावला की सिग्नल येतो, वर्दी जाते, सिस्टिमडी ‘युनिट मास्क्ड आहे’ अशी एक ओळ लॉगमध्ये टाकतं आणि पुढे काहीच होत नाही. मुदत दुप्पट केली तरी फोर्स ठरलेलाच.

उपाय दोन ओळींचा: ‘सिस्टिमसीटीएल अनमास्क कंट्रोल-ऑल्ट-डेल डॉट टार्गेट’, मग ‘सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’. शिवाय स्क्रिप्टमधूनही तो नियम या मशीनपुरता वगळायचा, नाहीतर पुढच्या फेरीत मास्क परत बसतो. मागच्या बूटचा लॉग वाचता यावा म्हणून /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी असल्याची खात्री करायची. ती नसेल तर कित्येक ठिकाणी जर्नल (सिस्टिमडीचा लॉग) फक्त मेमरीत राहतं आणि पुरावा बंद होतानाच पुसला जातो.

हे टार्गेट मुळात रीबूटकडे जातं, मग गेस्ट परत उठून बसणार नाही का, ही शंका आमच्यातल्या बऱ्याच जणांना होती. तुम्ही थेट कर्नलचा सोर्स उघडून दाखवलात. सिग्नल आल्याबरोबर कर्नल रीस्टार्ट, हॉल्ट आणि पॉवरऑफ या तिन्हींचं शेवटचं पाऊल बदलून टाकतो. तिन्ही वाटा एकाच डिसेबल्ड वेटमध्ये (प्रोसेसर पूर्ण थांबलेल्या स्थितीत) संपतात आणि त्यावरून झेड/व्हीएमला कळतं की गेस्ट नीट थांबला. मात्र चाचणीसाठी आत बसून पीआयडी 1 ला हाताने एसआयजीआयएनटी (कर्नल वर्दीसाठी वापरतो तोच सिग्नल) पाठवला, तर ही अदलाबदल झालेली नसते आणि मशीन खरोखर रीबूट होतं. म्हणून चाचणी करायची ती ‘सिग्नल शटडाउन’ या सीपी कमांडनेच, तीही चाचणीच्या गेस्टवर.

मुदतीचा हिशेब तुम्ही त्यानंतर मांडलात. सिस्टिमडी एका सर्व्हिसला थांबायला सहसा 90 सेकंद देतं. डेटाबेसला 300 लावलेले असतील आणि ॲप्लिकेशन त्याच्या आधी थांबणार असेल, तर दोन्ही मिळून 390 होतात. वर अनमाउंटचा वेळ. म्हणून ‘सेट सिग्नल शटडाउनटाइम’ 500 च्या खाली नको. ‘सेट शटडाउनटाइम’ हा वेगळा, तो झेड/व्हीएमने स्वतःसाठी राखलेला वेळ. दोन्ही सिस्टिम कॉन्फिगमध्ये लिहायचे, कारण नुसत्या कमांडने दिलेली मुदत पुढच्या आयपीएलला (झेड/व्हीएम पुन्हा सुरू होताना) पुसली जाते. आणि ‘शटडाउन इमिजिएट’ दिलं तर सिग्नल निघतच नाही, तेव्हा ते ऑपरेटरच्या नेहमीच्या पानावर नको.

केव्हीएमवरच्या (लिनक्समधल्या आभासी मशीन प्रणालीवरच्या) गेस्टला ‘व्हर्श शटडाउन’ ही कमांड दिल्यावरही हाच सिग्नल (त्याचं नाव क्विएस) जातो, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. तिथेही आधी मास्कच तपासायचा, हे आता आमच्या यादीत पहिल्या ओळीवर आहे.

आप्पा, रात्रपाळीच्या माणसाला फोनवर एकेक पायरी न कंटाळता समजावून सांगणारं माणूस मिळणं दुर्मीळ. मनापासून आभार.

आपले,
खान्देशातली लिनक्स मंडळी