एका क्लिकला दोन क्लिक करणारा माऊस आणि तुमचं 'दुरुस्त होत नाही'

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: माऊसचं डावं बटण, आणि तुम्ही दिलेलं उत्तर

नमस्कार,

तुमचा माऊस घेऊन 14 महिने झाले, म्हणजे वॉरंटी संपून बरोब्बर दोन. आता त्याचं डावं बटण एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं करतं. एक विंडो बंद करायला जावं तर मागचीही बंद, फाईल ओढून न्यावी तर मधेच भलत्याच फोल्डरात टपकते. खोक्यावर 1 कोटी क्लिक लिहिलंय. मी हिशोब केला, 14 महिन्यांत तेवढे संपवायला रोज 23 हजारांवर क्लिक लागतील, इतकं काम मी केलं असतं तर हे पत्र लिहायला वेळच मिळाला नसता!

तुमच्या माणसाने आधी ड्रायव्हर (माऊस चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकायला लावला, मग डबल क्लिकचा स्पीड बदलायला लावला, मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा म्हणाला, हे सगळं केलं आणि शेवटी उत्तर काय तर दुरुस्त होत नाही, नवीन घ्या.

होतो की. मी घरी केला.

बटणाखाली तीन पायांचा एक चिमुकला स्विच असतो. आतली तांब्याची पट्टी दाबली की टेकते आणि टेकताना किंचित उडते. हे उडणं प्रत्येक स्विचमध्ये असतं, म्हणून माऊसची चिप काही मिलिसेकंद तिकडे दुर्लक्ष करते. पण पट्टी झिजली, काळी पडली की संपर्क जास्त वेळ तुटत-जुळत राहतो आणि चिपला दोन क्लिक दिसतात. यात ड्रायव्हर कुठे आला? जुना स्विच नंतर फोडून बघितला, पट्टीचं टोक काळं होतं.

त्रास झाला तो उघडताना. स्क्रू तुम्ही खालच्या गुळगुळीत पायांच्या आत लपवलेत, पाय उचकटले की फाटलेच समजा. बोर्डावरचं कथील बिनशिशाचं, 217 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय हलत नाही, आणि स्विचचा एक पाय बोर्डावरच्या ग्राउंडच्या मोठ्या तांब्याच्या थराला जोडलेला, तो सगळी उष्णता पिऊन टाकतो. फ्लक्स (कथील नीट वितळून वाहावं म्हणून लावायचा लेप) लावला, वरून शिसंवालं सोल्डर मिसळलं (ते 183 च्या आसपासच वितळतं), मग पंपाने ओढलं तेव्हा कुठे स्विच सुटला. एक पॅड, म्हणजे पाय जोडायचा बोर्डावरचा तांब्याचा ठिपका, तर उखडता उखडता वाचला, तिथे माझी चूक, सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवलं. बदली स्विच अडगळीतल्या मेलेल्या माऊसच्या उजव्या बटणाचा काढला, ते बटण कोण एवढं वापरतंय. फक्त दिशा बघून बसवावा लागतो, उलटा बसला तर माऊसचं बटण स्विचच्या वर आलेल्या नाकावर येतच नाही.

तीन टाके, बस. आता क्लिक एकदम ठणठणीत.

मला पैसे परत नकोत, कूपन तर नकोच. स्विच आणि पाय सुटे विकायला ठेवा, आणि डबल क्लिकची तक्रार आली की गिऱ्हाईकाला ड्रायव्हरच्या मागे पळवू नका. आणि तुमच्या पायांचा सेट कुठे मिळेल ते तेवढं लगेच कळवा, कारण सध्या फाटलेले पाय डबल टेपने चिकटवलेत आणि माऊस एका कोपऱ्यावर डुगडुगतोय.

आपला,
अजून तरी तुमचाच ग्राहक