पीक गेलं आणि मजुरीही गेली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत आमचं तीन एकर सोयाबीन पाण्यात गेलं. पंचनामा झाला, मदत खात्यावर आली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पंचनाम्यात आमचं अर्धंच नुकसान आलं, म्हणून हे पत्र.

तीन एकरांवर वर्ष निघत नाही. त्यामुळे दरवर्षी दसऱ्याच्या मागंपुढं आपली काढणी उरकली की आम्ही नवराबायको दुसऱ्यांची काढणी उक्ती घेतो. त्या पंधरा-वीस दिवसांच्या पैशातून किराण्याची पावसाळ्यातली उधारी फिटते आणि हरभऱ्याचं बियाणं येतं. त्या खेपेला सगळ्या शिवाराचंच सोयाबीन कुजलं, काढायला कुणाकडे काहीच नव्हतं. धार लावून ठेवलेले विळे तसेच राहिले. दुकानदाराच्या वहीतलं आमचं पान भरलं, तेव्हा त्याने नवीन पानावर ‘मागील बाकी’ लिहून आकडा पुढं ओढला. बचत गटाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यासाठी बायकोच्या कानातली फुलं गहाण पडली. म्हशीच्या दुधाचं दहा दिवसांनी बिल येतं, तेवढाच काय तो आधार.

हे आमच्या एकट्याचं नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 77व्या फेरीनुसार 2018-19 मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न 10,218 रुपये होतं. त्यात पिकाचे 3,798, तर मजुरी-पगाराचे 4,063. 2012-13 च्या पाहणीत पीक पुढं होतं. म्हणजे आता सातबारा नावावर असलेलं घरही पिकापेक्षा मजुरीवर जास्त चालतं. मग नुकसान मोजताना फक्त बांधाच्या आतलंच का बघायचं? ज्यांना गुंठाभरही जमीन नाही, त्यांच्या बुडालेल्या मजुरीची तर कुठल्याच कागदावर नोंद नाही.

1972 च्या दुष्काळात सरकारने काढलेल्या दुष्काळी कामांनी लाखो घरं तगली. ओल्या दुष्काळातही तशीच कामं हवीत, आणि ती उन्हाळ्याची वाट न बघता पाणी ओसरल्याबरोबर निघायला हवीत. फुटलेले बांध, खचलेल्या विहिरी, वाहून गेलेले पाणंद रस्ते, कामाला तोटा नाही. मजुरी आठवड्याच्या बाजाराआधी हातात पडावी. जिल्ह्यात अतिवृष्टी जाहीर होईल त्याच आदेशात ही कामंही जाहीर करावीत, एवढी मागणी आपल्या पत्रातून सरकारपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. औसा, जि. लातूर